पाण्याची वाट आणि धुराची वाट

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथें नवें बिऱ्हाड करावयाचें ठरलें, म्हणजे घर पाहावयास जाणारे गृहस्थ स्टेशन किती दूर, नळास पाणी किती वेळ, शेजार कसा, हें सर्व बारकाईनें विचारतात. परंतु आषाढांत डोंगरावरचें पाणी कोणत्या वाटेनें खालीं उतरतें, आणि खालच्या मजल्यावर आग लागल्यास धूर कोणत्या वाटेनें वर येईल, हे दोन प्रश्न विचारलेले आम्हीं क्वचितच ऐकले आहेत. त्यांविषयींच या खेपेस चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उपनगरांची ठेवण प्रथम लक्षांत घेतली पाहिजे. साष्टीच्या मध्यभागीं तुळशी व विहार या तलावांभोंवतीं डोंगर आहेत. त्यांच्या पश्चिमेस बोरिवली-अंधेरी, पूर्वेस मुलुंड-भांडुप. आणि दक्षिणेस घाटकोपरापर्यंत टेकड्या आहेतच. डोंगरांवरचा पाऊस दहिसर, पोयसर, ओशिवरा, मिठी अशा लहान नद्यांनीं थोड्याच कोसांत खाडीस मिळतो. वर चढ असल्यामुळें पाणी वेगानें येतें; खालीं जमीन सखल असल्यामुळें, भरतीच्या वेळीं तें तुंबून राहतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास मात्र ७५ मिलिमीटरही झाला नाहीं. त्यांतच भरतीची वेळ सांपडली आणि मिठीचें पाणी लोकांच्या घरांत शिरलें.

पाण्याहूनही घातक ती पाण्यानें सुटलेली माती. १२ जुलै २००० रोजीं घाटकोपरच्या आझादनगर वस्तीवर दरड कोसळून साठांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. दरडीखालीं कोणी हौसेनें राहत नाहीं. सपाटीवर परवडेल असें घर मिळत नाहीं, म्हणून तीं कुटुंबें तेथें राहतात. आणि आपल्या घरीं भांडीं घासावयास येणारी बाई पुष्कळदां त्यांच्यांतलीच असते. मुसळधार पावसाच्या रात्रीं ती कोठें निजते, हें आपणांस ठाऊक असतें काय?

पाऊस सरला म्हणजे त्याच डोंगराचें रूप पालटतें. पावसांत वाढलेलें गवत वाळून कोळ होतें, हिवाळ्यांत जमिनीवरून कोरडा वारा सुटतो, आणि मग एक ठिणगी पुरते. ३ डिसेंबर २०१८ रोजीं गोरेगांवच्या पूर्वेकडील डोंगरावर असाच वणवा पेटला. चढणीमुळें आगीचे बंब वर नेणें कठीण झालें. पाण्याची धांव खालीं, तर अग्नीची वर. ज्वाळा आपल्या वरचें गवत आधींच तापवून ठेवते. म्हणून चढावर वणवा अधिक वेगानें धांवतो.

हाच नियम आपल्या इमारतीसही लागू आहे. तळाशीं आग लागली कीं जिना धुराड्याचें काम करूं लागतो. ६ ऑक्टोबर २०२३ रोजीं पहांटे गोरेगांवांतील एका इमारतीस खालून आग लागली, तींत निदान सात जीव गेले. असें असतां आपण जिन्यांत काय ठेवतों? जुनीं वर्तमानपत्रें, मोडक्या खुर्च्या, चपलांचीं कपाटें!

तेव्हां आमची सूचना इतकीच. जिना आजच मोकळा करावा. धूर दिसतांच लिफ्टचा आश्रय घेऊं नये. जिना धुरानें भरला असल्यास दार लावून फटींत ओलीं फडकीं घालावीं, खिडकीशीं उभें राहावें व १०१ या क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावें. घराजवळच्या नाल्यांत केर टाकूं नये, दुसऱ्यासही टाकूं देऊं नये. टेकडीवरून गढूळ पाणी अकस्मात् वाहूं लागलें किंवा भिंतीस नव्या भेगा दिसल्या, तर वस्तींतील माणसांनीं प्रथम बाहेर पडावें आणि मग महापालिकेस १९१६ या क्रमांकावर वर्दी द्यावी. हें आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईसही समजावून सांगावें. आणि तशी रात्र आलीच, तर तिला व तिच्या मुलांना आपल्या ओसरीवर जागा द्यावी. डोंगर आणि समुद्र आपल्या सोयीसाठीं हलणार नाहींत. त्यांची रीत ओळखून वागणें एवढेंच आपल्या हातीं आहे.