कॅमेऱ्यात न दिसणारे पाळणाघर

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीच्या चित्रणामुळे उघड झाली आणि राज्यभरातले आईबाप हादरले. पाळणाघरांची नोंदणी व्हावी, तिथल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी व्हावी, कॅमेरे सक्तीचे असावेत, अशा मागण्या झाल्या. त्या रास्तच होत्या. आज अनेक पाळणाघरांच्या जाहिरातीत ‘मोबाइलवर थेट चित्रण’ ही ओळ ठळक अक्षरांत असते. कचेरीत बसलेली आई दुपारी दोन वाजता त्या चित्रात बाळ झोपलेले पाहते आणि पुन्हा कामाला लागते. पण बाळ थोपटल्यामुळे झोपले की रडून रडून थकल्यामुळे, हे त्या मुक्या चित्रावरून कळत नाही. मारहाण कॅमेऱ्याला दिसते. दुर्लक्ष मात्र शांत असते, आणि शांत खोली चित्रात चांगलीच दिसते.

मूल पाळणाघरात कोणत्या वयात जाते, इथून सुरुवात करायला हवी. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे रजा संपते तेव्हा बाळ साधारण चार ते सहा महिन्यांचे असते. पुढच्या दोन-तीन महिन्यांतच त्याला ओळखीचे आणि परके यांतला फरक नीट कळू लागतो. शेजारच्या काकूंनी उचलून घेतले तरी रडणारे, आई नजरेआड झाली की टाहो फोडणारे मूल प्रत्येक घराने पाहिलेले असते. हा हट्ट नव्हे. बाळाच्या मेंदूने ‘माझी माणसे’ निवडायला सुरुवात केल्याची ती खूण आहे. या यादीत आईबरोबर बाबा, आजी, आत्या असू शकतात, तशी पाळणाघरातली ताईही असू शकते. त्यासाठी ताई रोज तीच असावी लागते आणि बाळाने हाक मारली की तिला ‘ओ’ द्यायला सवड असावी लागते.

या सवडीचा संबंध बाळाच्या शरीराशीही आहे. कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी सकाळी जास्त असते आणि दिवस मावळेपर्यंत उतरत जाते. ती मोजायला लाळेचा नमुना पुरतो. दिवसभर पाळणाघरात राहणाऱ्या लहान मुलांचे असे नमुने अनेक देशांत तपासले गेले. घरी असताना दुपारनंतर उतरणारी ही पातळी पाळणाघरात बऱ्याच मुलांमध्ये चढताना आढळली. एक ते तीन वर्षांच्या मुलांमध्ये हे अधिक दिसले. जिथे सांभाळणारी व्यक्ती मुलाकडे लक्ष देणारी आणि त्याच्या कलाने घेणारी होती, तिथे ही चढण कमी होती.

हे वाचून नोकरी करणाऱ्या आईच्या पोटात गोळा येऊ नये. अमेरिकेत १९९१ पासून दहा ठिकाणच्या हजाराहून अधिक मुलांचा जन्मापासून अनेक वर्षे पाठपुरावा करण्यात आला. केवळ पाळणाघरात राहिल्याने मुलाचे आईशी असलेले नाते कमकुवत होत नाही, असे त्यात दिसले. घरातल्या वातावरणाचा परिणाम पाळणाघराच्या परिणामापेक्षा मोठा होता. चांगल्या प्रतीच्या पाळणाघरातल्या मुलांची भाषा आणि आकलन थोडे पुढे होते, तर फार जास्त तास बाहेर राहणाऱ्या मुलांमध्ये वर्तनाच्या तक्रारी थोड्या अधिक होत्या. ‘आई घरी की कामावर’ हा आपल्याकडे नातेवाइकांना फार आवडणारा वाद या अभ्यासाने मागे टाकला. पाळणाघर कसे आहे हा प्रश्न उरला.

ते कसे आहे, हे साध्या हिशोबाने बरेचसे कळते. एका बाळाचे लंगोट किंवा डायपर दिवसातून चार वेळा बदलायचे, प्रत्येक वेळी सहा मिनिटे. तीन वेळा भरवायचे, प्रत्येक वेळी वीस मिनिटे. ही झाली ८४ मिनिटे. एका ताईकडे अशी आठ बाळे असली तर ६७२ मिनिटे, म्हणजे अकरा तासांहून जास्त वेळ लागेल. पाळणाघराचा दिवस नऊ-दहा तासांचा. म्हणजे ती ताई कितीही मायाळू असली, तरी कुठेतरी घास घाईने कोंबला जाणार, कुणीतरी ओल्या लंगोटात पडून राहणार आणि गोष्ट सांगणे, गाणे म्हणणे, कडेवर घेऊन खिडकीतला कावळा दाखवणे यांतले काहीच होणार नाही. तीच ताई तीन बाळांना सांभाळत असेल, तर हे काम सव्वाचार तासांच्या आत होते आणि उरलेला वेळ खेळायला, थोपटायला, बोलायला मिळतो. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक व्यक्ती हा नियम आहे, तो चैन म्हणून नव्हे.

बुडापेस्टमध्ये १९४६ साली लोत्सी रस्त्यावर बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांनी अनाथ आणि निराधार बाळांसाठी एक शिशुगृह सुरू केले. तिथे खेळण्यांपेक्षा भर होता तो न्हाऊ घालणे, कपडे बदलणे, भरवणे या रोजच्या कामांवर. ही कामे उरकायची नाहीत, बाळाशी बोलत, त्याला पुढे काय होणार ते सांगत, त्याचा हात बाहीत यायची वाट पाहत करायची, हा तिथला शिरस्ता. प्रत्येक बाळाची जबाबदारी प्रामुख्याने एका ठरावीक परिचारिकेकडे. आणि बाळ स्वतः बसू लागेपर्यंत त्याला बसवायचे नाही. जमिनीवर मोकळे सोडायचे. बालककेंद्री संगोपन हा भारदस्त शब्द प्रत्यक्षात असा दिसतो. आपल्याकडे मांडीवर बाळ घेऊन मऊ भात भरवता भरवता काऊ-चिऊचा घास करणारी आजी फार वेगळे काही करत नाही. फरक इतकाच की आजीला एकच नातवंड सांभाळायचे असते.

पाळणाघरातला पहिला आठवडा सर्वांत अवघड. ‘सोडा आणि मागे न बघता जा, रडून होईल गप्प,’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मूल गप्प होतेही. पण गप्प झालेले मूल रुळलेले असतेच असे नाही. ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये आईपासून दूर रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर लघुपट काढला होता. फारशी न रडणारी, शहाणी वाटणारी ती मुलगी आतून किती दुःखी होती, हे पाहून डॉक्टरही अस्वस्थ झाले. तिथे सलग आठ दिवस होते, इथे रोजचे काही तास. तरी धडा लागू आहे. जर्मनीतल्या अनेक पाळणाघरांत पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासोबत तासभर बसतात आणि परत घेऊन जातात. पहिला काही मिनिटांचा दुरावा चौथ्या दिवशी येतो. मूल ताईकडून समजूत काढून घेते का, हे पाहून पुढचा वेळ ठरतो. यात पैसा जात नाही. पालकांची आठवडाभराची रजा मात्र जाते, आणि ती देणारा साहेब लागतो.

दोन वर्षांनंतर वेगळेच संकट येते. पाळणाघराची छोटी शाळा होते. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल येते, वहीत उभ्या-आडव्या रेघा येतात, कारण पालकांना संध्याकाळी काहीतरी ‘झालेले’ पाहायचे असते. मनगटातली आठही हाडे जन्मतः कूर्चेची असतात आणि एकेक करत ती पक्की व्हायला वयाची नऊ-दहा वर्षे लागतात. माती मळणे, पाणी ओतणे, शेंगा सोलणे हा त्या हाताचा खरा अभ्यास. दुसरीकडे सगळ्यांना एका जागी बसवायला टीव्ही लावला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच, आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना एका वेळी तासाभरापेक्षा जास्त वेळ बांधून बसवू नये.

महाराष्ट्राला हे सारे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा पाड्यावर, अंगणात नेली. पुढे कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली मुलगी त्याशिवाय वर्गात बसू शकत नव्हती.

आज ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा आहे. त्याहून लहान दुकानात, कारखान्यात किंवा घरोघरी काम करणाऱ्या बायकांना या तरतुदीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी अंगणवाडीलाच दिवसभराचे पाळणाघर जोडणारी केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे. ती प्रत्येक वस्तीपर्यंत पोहोचणे गरजेचे आहे. आणि खासगी पाळणाघरातली ताई? दुसऱ्यांची बाळे सांभाळणाऱ्या त्या बाईचे स्वतःचे बाळ अनेकदा शेजारणीकडे किंवा थोरल्या मुलीकडे असते. तिचा पगार धुणीभांडी करणाऱ्या बाईइतका असेल, तर चार पैसे जास्त मिळाले की ती जाते आणि बाळाला नवा चेहरा ओळखायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पालक प्रवेश घेताना फी विचारतात, कॅमेरे किती ते विचारतात. बाळांच्या खोलीतली ताई इथे किती वर्षे आहे, तिच्याकडे किती बाळे आहेत आणि पहिले तीन दिवस आम्हाला बसू द्याल का, हेही त्याच वेळी विचारता येते.