कालवांचे दप्तर
ओमानच्या दक्षिणेस, धोफारच्या किनाऱ्यावर, जून ते सप्टेंबर या ऋतूत (तिथे त्यास खरीफ म्हणतात, आणि आपणांस उगीच ज्वारी आठवते) नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे खोलवरचे थंड, पोषक जल वर येते, आणि त्यासोबत नैसर्गिक कॅडमियमही. खडकाला चिकटलेले कालव हे पाणी कल्ल्यांतून गाळते, आत शिरलेला धातू मेटॅलोथायोनिन या, 1957 साली घोड्याच्या मूत्रपिंडात प्रथम सापडलेल्या, गंधकसमृद्ध प्रथिनाशी जखडते, काही अंश पेशीतील सूक्ष्म कणांत बंदिस्त करते, आणि स्वतः सुखरूप राहते. सबब कालवातील कॅडमियमचा आकडा पाहताच नजीकच्या कारखान्यावर ठपका ठेवणे मला उतावीळपणाचे वाटते. मात्र खाणाऱ्याच्या मूत्रपिंडास धातूचे मूळ गाव विचारण्याची सोय नसल्याने, तपासणी खात्याने ऋतूची नोंद ठेवावी आणि ताटावरील मर्यादाही ढिली करू नये.