लॉकर तोच, जो सुटतो

'कुठला लॉकर सगळ्यात तगडा?' गाडीवेड्यांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास येतो आणि तो मुळातच चुकीचा आहे. जी गाडी शनिवारी डोंगर चढणार आणि सोमवारी ऑफिसला जाणार, तिच्या मालकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हा लॉकर पूर्ण सुटतो का? रस्त्यावर आल्यावर तो सुटलेलाच राहील याची खात्री आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर तो फुकट मिळाला तरी त्या गाडीत बसवू नये. माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्यावर मी अडून बसणार आहे.

आधी डिफरन्शियल करतं काय ते पाहू. ज्यांना माहीत आहे त्यांनीही हा भाग गाळू नका, कारण सगळं भांडण इथेच आहे.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. किती जास्त? डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर धरा आणि घाटातलं गाडीचं तोंड पूर्ण उलटं फिरवणारं वळण घ्या. दीड गुणिले ३.१४, म्हणजे साधारण ४.७ मीटर. वळण लहान असो की मोठं, हा फरक तेवढाच राहतो. थारसारख्या गाडीच्या टायरचा घेर अडीच मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एकाच वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ दोन फेरे जास्त फिरतं. हे दोन फेरे बिनबोभाट सांभाळणारी वस्तू म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकरने वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट १८२०च्या दशकात घेतलं. तेव्हापासून वळणावर गाडी शहाण्यासारखी वागते ती या डब्यामुळे.

या शहाणपणाची एक किंमत आहे. साधं डिफ दोन्ही चाकांना सारखंच बळ देतं. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला जवळजवळ काहीच बळ लागत नाही. मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढंच, म्हणजे जवळजवळ शून्य बळ मिळतं. एक चाक गरागरा फिरतं, दुसरं ढिम्म, आणि गाडी जागच्या जागी. लॉकर दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकतो. हवेतल्या चाकाचा लाड बंद होतो आणि जमिनीवरचं चाक गाडी ओढून काढतं. दगडांत, खड्ड्यांत, ओढ्याच्या काठावर याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. लॉकर म्हणजे शोबाजी असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी बोलत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो.

पण बांधलेल्या चाकांना ते ४.७ मीटर कोण माफ करणार? चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर टायर फरफटतो, ॲक्सलला पीळ बसतो आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला बघते. ओल्या डांबरावर टायर सुटतो आणि बऱ्याचदा तो मागचा असतो. जुलैमधला ताम्हिणी डोळ्यांसमोर आणा: धुकं, वाहतं पाणी, दोनच लेन आणि समोरून स्कूटरवर दोघं जण, एका रेनकोटमध्ये दोन डोकी. तिथे तुमच्या गाडीचा मागचा भाग फूटभर जरी बाहेर गेला, तरी हिशेब तुमचा राहत नाही, त्यांचा होतो.

आता बाजारात काय मिळतं ते एकेक करून घेऊ.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे डिफचे आतले गिअर वेल्ड करून टाकणं. एका गॅरेजमध्ये मलाही हा सल्ला मिळाला होता, 'साहेब, एकदा वेल्ड मारू, आयुष्यभर टेन्शन नाही.' टेन्शन नाही, कारण डिफरन्शियलच राहत नाही. ट्रेलरवर घालून स्पर्धेला नेलेल्या गाडीत हे ठीक आहे. नंबर प्लेट लावून रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे आणि त्याला 'जुगाड' असं लाडाचं नाव देणं थांबवायला हवं.

दुसरा प्रकार ऑटोमॅटिक लॉकर. डेट्रॉइट लॉकर हे त्यातलं जुनं, दणकट नाव. त्याचं लहान भावंड म्हणजे 'लंचबॉक्स' लॉकर. हाऊसिंगमधला मूळ डबा तसाच ठेवून फक्त आतले गिअर बदलायचे, त्यामुळे स्वस्त आणि झटपट. रील्समध्ये सगळ्यात जास्त कौतुक यांचंच होतं: ना बटण, ना कंप्रेसर, ना वायरिंग. पण हे चालतात कसे ते पाहा. मूळ अवस्थेत हे बांधलेले असतात. वळताना बाहेरचं चाक जोरात पळायला लागलं की ते सुटतं. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की जोर आतल्या चाकावर येतो किंवा दोन्ही पुन्हा बांधली जातात. पाय काढला की पुन्हा बदल. म्हणजे एकाच वळणात, पायाच्या हालचालीप्रमाणे, गाडीचा स्वभाव बदलतो. त्यात मॅन्युअल गिअर असेल आणि वळणातच क्लच दाबून गिअर पाडला, तर 'ठक' आवाज येतो आणि गाडी बाजूला झटका खाते. लांब ट्रकमध्ये हा झटका जिरून जातो. थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर, पाच दारांच्या जिम्नीचा २५९०. इतक्या आखूड गाडीत तो स्टिअरिंगपर्यंत येतो.

शिवाय आजच्या गाड्यांत ईएसपी असतं. गाडी घसरू लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून ते गाडी सरळ करतं. दोन चाकं एकमेकांना बांधलेली असतील तर वेगळा ब्रेक लावायचा कुणाला? म्हणूनच कंपनीकडून बटणाचा लॉकर मिळतो अशा अनेक गाड्यांत लॉकर लागला की ईएसपी आपोआप बंद होतं. ऑटोमॅटिक लॉकर तर ईएसपीला न कळवताच लागतो आणि सुटतो. जीव वाचवणारी वस्तू पैसे मोजून घ्यायची आणि नंतर पैसे मोजूनच तिचे हात बांधायचे, हा कुठला शहाणपणा?

तिसरा, लिमिटेड स्लिप म्हणजे एलएसडी. रस्त्यावर सभ्य आणि ओल्या चढावर उपयोगी. पण चाक पूर्ण हवेत गेलं की त्याचा दम संपतो. क्लचवाला असेल तर त्याच्या चकत्या झिजतात, योग्य तेल लागतं. ज्याचं ऑफ-रोड म्हणजे गावचा कच्चा रस्ता आणि फार्महाऊसचा चढ, त्याला एवढं पुरे आहे.

चौथा, ब्रेकवर चालणारा. जिम्नीत हाच आहे. फिरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो आणि त्यामुळे दुसऱ्याकडे बळ जातं. याला नाकं मुरडणारे बरेच आहेत. आधी चाक थोडं फिरावं लागतं आणि मगच मदत येते, हे खरं. पण डांबरावर त्याचा कणभर त्रास नाही.

पाचवा, थारच्या काही प्रकारांत येणारा मेकॅनिकल लॉकर. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार वेगात फिरू लागलं की तो आपोआप अडकतो, वेग वाढला की सुटलेला राहतो. हाही आपोआपच लागतो, मग मला कसा चालतो? कारण याची मूळ अवस्था सुटलेली आहे, डेट्रॉइटच्या बरोबर उलट. फक्त ओल्या चढावर वळताना पाय जड ठेवू नका.

आणि शेवटचा, ड्रायव्हरच्या हुकमाने लागणारा आणि हुकमाने सुटणारा. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा हवेवर चालणारा, विजेवर चालणारे इतर, आणि आपल्याकडच्या फोर्स गुरखात कंपनीकडूनच येणारे पुढचा-मागचा असे दोन्ही. सुटलेला असताना हा साधा डिफ, लावल्यावर शंभर टक्के बांधलेला. अधलंमधलं काही नाही. माझं मत यालाच.

ही कल्पना परदेशी वाटत असेल तर गावाकडे जा. आपल्याकडच्या ट्रॅक्टरमध्ये डिफ लॉकचं पेडल किंवा दांडी असते. नांगरताना एक चाक घसरलं की काका पेडल दाबतात, ट्रॅक्टर निघतो. बांधाशी वळायच्या आधी लॉक सुटलाय ना हे बघतात. लॉक लावून ट्रॅक्टर वळवू नये हे त्यांना कुणी रील करून शिकवलेलं नाही. शेतातल्या मऊ मातीतही जे टाळायचं असतं, ते आपण डांबरावर कायमचं बसवून घ्यायला निघालोय.

माझ्या विरोधात तीन मुद्दे नेहमी मांडले जातात.

पहिला, 'मी जपून चालवतो, सवय होते.' होते ना, तुम्हाला होते. पण गाडी बायको चालवते, भाऊ नेतो, सर्व्हिस सेंटरचा मुलगा फेरी मारतो. आणि कुत्रं आडवं आलं की तुमचा पाय सवयीला विचारून उचलला जात नाही.

दुसरा, 'बटणाचा लॉकर महाग पडतो.' बरोबर आहे. कंप्रेसर, नळ्या, वायरिंग, बसवणारा हुशार मेकॅनिक, सगळ्याला पैसे लागतात. परवडत नसेल तर लॉकर घेऊ नका. चांगले टायर घ्या, मातीत उतरल्यावर हवा कमी करायला शिका, परत भरायला पंप ठेवा, पुढे-मागे ओढण्यासाठी पक्के हुक बसवा. मराठवाड्यातल्या काळ्या मातीत टायरच्या खाचा भरून गेल्या की चाक गुळगुळीत रूळ होतं. तिथे लॉकर लावून एकाऐवजी दोन चाकं फिरतील, गाडी तिथेच. टायर आधी, लॉकर नंतर. स्वस्तातला ऑटोमॅटिक घेतला की वाचलेले पैसे समोरच्याच्या सुरक्षिततेतून वसूल होतात.

तिसरा मुद्दा कडव्या मंडळींचा, 'लॉकर कशाला, खरा ड्रायव्हर टेक्निकने काढतो.' या टेक्निकचा अर्थ बऱ्याचदा लांबून वेग घेऊन गाडी चढावर फेकणं असा असतो. फिरणारी चाकं वाट खणतात, पहिल्या पावसात तिची नाली होते आणि पुढच्या वर्षी गावकऱ्याची बैलगाडी तिथून जात नाही. लॉकर लावून, लो गिअरमध्ये, मुंगीच्या चालीने चढलेली गाडी जमिनीला कमी ओरबाडते. म्हणून लॉकर हवाच. फक्त तो सुटणारा हवा.

घ्यायचाच असेल तर मागचा आधी घ्या. पुढचा लावला की स्टिअरिंग जड होतं आणि पूर्ण वळवलेल्या चाकांवर जोर दिला तर पुढचे सांधे तुटायची भीती असते. गॅरेजवाल्याला विचारा: हवा गळाली किंवा वायर तुटली तर लॉकर कुठल्या अवस्थेत राहणार? उत्तर 'सुटलेल्या' हेच हवं. लॉकर लागलाय हे सांगणारा दिवा डॅशबोर्डवर डोळ्यांसमोर हवा, सीटखाली नको. वॉरंटी आणि विम्याच्या अटी काम सुरू करायच्या आधी वाचा. डोंगर उतरून डांबर लागलं की पहिलं काम लॉकर सोडणं, दुसरं फोर-व्हील काढणं. थार, जिम्नी, गुरखा या तिन्हींत फोर-व्हील टाकल्यावर पुढची-मागची चाकंही आपसांत बांधली जातात, त्यामुळे कोरड्या डांबरावर तेही वर्ज्य.

डोंगरात आपण एकटे असतो, तिथे गाडीशी काय करायचं ते आपण ठरवावं. रस्ता सामायिक आहे. रेनकोटमधल्या त्या दोघांनी तुमच्या गाडीच्या हाऊसिंगमध्ये काय बसवायचं हे ठरवलेलं नाही, त्यांना कुणी विचारलेलंही नाही. त्यांच्या वतीने विचार करायची जबाबदारी बिल भरणाऱ्याची आहे.