वारा, पाऊस आणि काचेवरचा माणूस

आमच्या हैदराबाद शहराच्या पश्चिमेस माधापूर-गच्चीबावलीच्या रस्त्याने निघाले म्हणजे दोन्ही बाजूंस काचच काच दिसते. सायबर टॉवर्स या वास्तूचे उद्घाटन १९९८ साली झाले, आणि त्यानंतर त्या खडकाळ माळावर एकापाठोपाठ एक काचेचे मनोरे उभे राहिले. आज आमच्या वाचकांपैकी कित्येकांची वडील भावंडे तेथील कचेऱ्यांत नोकरीस आहेत. मनोऱ्यांची उंची आपण पाहतो, त्यांची झळाळी पाहतो. पण ती झळाळी टिकविण्यासाठी दोराच्या आधाराने पंधराव्या-विसाव्या मजल्यावर लोंबकळत काचा पुसणाऱ्या माणसाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. गेलेच, तर काचेवर राहिलेला डाग पाहून जाते!

या धंद्यात गिऱ्हाईक आणि कामगार असे दोनच पक्ष आहेत अशी सर्वसाधारण समजूत दिसते. वस्तुतः तिसरा पक्ष आहे, आणि तोच सर्वांत बलवान आहे. तो म्हणजे हवामान. त्याची सही करारावर नसते. त्यामुळे त्याने केलेल्या प्रत्येक खोडीचा जाब दुबळ्या पक्षास द्यावा लागतो. ही गोष्ट आम्हांस अन्यायाची वाटते.

प्रथम पावसाची गोष्ट घेऊ. "काल पुसलेल्या काचेवर आज पाऊस पडला, पैसे वाया गेले," ही तक्रार जितकी जुनी तितकीच अर्धवट खरी आहे. पावसाचे पाणी हे निसर्गाने ऊर्ध्वपातन केलेले पाणी. त्यात क्षार जवळजवळ नसतात. स्वच्छ काचेवर ते पडले तर ओघळून जाते आणि वाळल्यावर मागे फारसे काही ठेवीत नाही. डाग पडतात ते काचेवर आधीच बसलेल्या धुळीचे. महिना-दोन महिने साचलेली धूळ पहिल्या सरीने भिजते, तिचा चिखल होतो, आणि तो वाळला की काचेवर ठिपके उमटतात. म्हणजे दोष धुळीचा आणि नाव पावसाचे! न पुसलेली काच पावसाने घाण होते. पुसलेली काच बहुधा तग धरते. इंग्लंडसारख्या बारमाही पावसाच्या देशातही हा गैरसमज रुजलेला आहे, आणि तेथील काचा पुसणाऱ्यांना तो घरोघरी समजावून सांगावा लागतो.

आम्ही 'बहुधा' म्हटले ते जाणूनबुजून. आमच्याकडचा वळीव इंग्लंडच्या रिमझिमीसारखा सभ्य नाही. वैशाखात दुपारपर्यंत आभाळ लख्ख असते. मग एकाएकी वावटळ उठते, बांधकामांची माती अर्धा आकाश व्यापते आणि पाठोपाठ टपोरे थेंब येतात. तो थेंब खाली येतानाच धूळ घेऊन येतो. अशा सरीपूर्वी आदल्या दिवशी काचा पुसून घेणाऱ्याची निराशा खरीच आहे, तिला हसण्याचे कारण नाही. उलट श्रावणात चार-आठ दिवस झड लागून हवा धुऊन निघाली म्हणजे त्या वेळी पुसलेली काच बराच काळ नितळ राहते. तरीही मौज अशी की 'पाऊस संपू द्या' म्हणून नेमक्या त्याच दिवसांत काम पुढे ढकलण्याकडे लोकांचा कल असतो.

उन्हाची तऱ्हा निराळी आहे. ऊन काच घाण करीत नाही, पण पुसू देत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे गेला की काच तव्यासारखी तापते. साबणाचे पाणी रबरी पट्टीने ओढून घेण्यापूर्वीच वाळते आणि पांढरे पट्टे उमटतात. त्यात ते पाणी कूपनलिकेचे असेल तर विचारूच नका. रसायनाच्या तासाला आपण ज्यास दुष्फेन पाणी म्हणतो तेच हे. त्यातले कॅल्शियमचे आणि मॅग्नेशियमचे क्षार काचेवर चिकटून बसतात. म्हणून जाणता कारागीर सूर्याशी लपंडाव खेळतो. सकाळी इमारतीची पश्चिमेची बाजू आणि दुपारनंतर पूर्वेची. व्यवस्थापकाने सोईसाठी 'आधी दर्शनी बाजू करा' असा हुकूम सोडला, की पट्टे आलेच आणि त्यांचे खापर कारागिराच्या डोक्यावर फुटलेच.

येथवरच्या तक्रारी डागांच्या आहेत. डाग पुन्हा पुसता येतात. वाऱ्याचे तसे नाही. जमिनीवर झाडाचे पान हलविणारा वारा विसाव्या मजल्यावर चांगलाच जोर धरतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. दोरावरच्या माणसास भिंतीवर आपटण्यास झंझावात लागत नाही, एक अवचित झोत पुरतो. याच कारणाने अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत, इमारतींच्या देखभालीचे यंत्रचलित पाळणे ताशी २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर, वेगापलीकडच्या वाऱ्यात चालवू नयेत अशी मर्यादा घातली आहे. अपवाद एवढाच की पाळणा जागेवर परत नेऊन ठेवता यावा. ब्रिटनने २००५ साली उंचीवरील कामाचे जे नियम केले, त्यांत हवामानामुळे कामगाराच्या जिवास वा आरोग्यास धोका नसेल तेव्हाच काम करू द्यावे ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. हे लक्षात घेण्यासारखे आहे. कामगाराने धीट व्हावे असे नियम म्हणत नाही. मालकाने थांबवावे असे म्हणतो.

परंतु नियम कितीही चांगला असला तरी मजुरी त्याच्याविरुद्ध साक्ष देत असेल तर त्याचा काय उपयोग? उतरलेल्या मजल्यांच्या हिशेबाने ज्यास पैसे मिळतात, त्याने दुपारी दोन वाजता वारा उठलेला पाहून वर परतावे म्हणजे संध्याकाळच्या पिशवीतले तांदूळ कमी करावे. त्याच वेळी 'आज संध्याकाळपर्यंत काम पुरे झालेच पाहिजे, उद्या पाहुणे येणार आहेत' असा गिऱ्हाइकाचा निरोप आला, तर तो माणूस आणखी एक मजला उतरेल. तो अविचारी आहे म्हणून नव्हे. त्याच्यापुढे दुसरा हिशेब कोणी मांडलेला नसतो म्हणून.

आमच्या मते हा हिशेब करारातच मांडला पाहिजे. काम अमुक तारखेस होईल असे न लिहिता अमुक आठवड्यात होईल असे लिहावे. वाऱ्यापावसाने काम थांबले तर त्या दिवसाची निदान अर्धी मजुरी मिळावी. आणि थांबण्याचा शब्द दोरावरच्या माणसाचा असावा. खाली सावलीत उभ्या असलेल्या कोणासही तो फिरविता येऊ नये.

यावर गिऱ्हाईक विचारील, "वारा काय मी सोडला? मग भुर्दंड मी का सोसावा?" प्रश्न वाजवी आहे. पण वारा कामगारानेही सोडलेला नाही. धुळीच्या, वळिवाच्या आणि चाळीस अंश उन्हाच्या या शहरात भिंतीऐवजी काच लावण्याची आवड मात्र मालकाची होती. ज्याने काच घेतली त्याने तिच्याबरोबर येथील हवाही घेतली, असे आम्ही समजतो. विसाव्या मजल्यावर बसून गोवळकोंड्याकडचा देखावा पाहण्याचे सुख त्याचे, आणि त्या देखाव्यासाठी वाट पाहण्याचे दिवस दुसऱ्याच्या पोटातून कापून घ्यावयाचे, हा व्यवहार सरळ नव्हे.

शास्त्र यातून सुटका करील अशी काहींची आशा आहे. पिल्किंग्टन या इंग्लिश कारखान्याने २००१ साली 'स्वतः स्वच्छ होणारी' काच बाजारात आणली. तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ थर असतो; सूर्यप्रकाशात तो सेंद्रिय मळ सैल करतो आणि पावसाचे पाणी तो मळ सपाट पसरून धुऊन नेते. म्हणजे तिलाही ऊन हवे आणि पाऊसही हवा! आमच्याकडे दिवाळीनंतर कित्येक महिने पावसाचा थेंब पाहावयास मिळत नाही, आणि धूळ तर बहुतांशी मातीची. तेव्हा दोरावरच्या माणसाची गरज इतक्यात संपेल असे दिसत नाही.

विद्यार्थी मित्रांनी घरी एवढे जरूर करावे. त्या कचेऱ्यांत काम करणारे दादा किंवा ताई जेवताना सांगू लागले की 'तीन दिवस झाले, पाळणा एकाच मजल्यावर अडकून आहे, काचा तशाच', तर त्यांना विचारावे, की त्या तीन दिवसांत गच्चीवर वारा किती होता, आणि त्या दिवसांची मजुरी कोणी दिली.