दोर कुणाच्या हातात?

दोस्तांनो, परवा आशागडला पोरांत बसलो होतो. एक वारली पोरगा तोंडावर म्हणाला, "खैरलांजीच्या खुन्यांना फाशी द्या म्हणून तुम्हीच बोंबलत होता. आता फाशीच नको म्हणता?"

होय, बोंबललो. राग खरा होता, आजही आहे. पण झालं काय? २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी सुनावली, ॲट्रॉसिटी मात्र मानली नाही. २०१० साली हायकोर्टाने फाशीची पंचवीस वर्षं कैद केली. जात तिथेही सुटली. फास माणसाच्या गळ्यात पडतो, जातीच्या नाही.

आता दुसरे सहा बघा. भटक्या जमातीतले, फाटके लोक. २००९ साली सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. २०१९ साली त्याच कोर्टाने सहाही निर्दोष सोडले! गुन्हा घडला तेव्हा एकजण तर अल्पवयीन होता. मधल्या काळात दोर ओढला असता तर?

१९४९ साली बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलं, फाशीच रद्द करा.

गड्या, १९४५ साली तलवाड्यात वारल्यांवर गोळ्या झाडणारं सरकार तुझ्या आज्याने पाहिलंय. सरकार गोरं असो की काळं, दोर त्याच्याच हातात राहतो. आणि मान? आपलीच.