पणाला लावलेली पणजी

पर्यटनवाढ आणि स्थानिकांचे जीवनमान यांचा समतोल साधला पाहिजे, हे वाक्य आपल्याकडे पर्यटन धोरणांच्या प्रस्तावनांत, उद्घाटनांच्या भाषणांत आणि अग्रलेखांच्या शेवटच्या परिच्छेदांत हटकून भेटते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी या वाक्याकडे आधी व्याकरणाच्या अंगाने पाहावे, अशी आमची सूचना आहे. त्यातला कर्ता अध्याहृत ठेवलेला आहे. समतोल कोणी साधायचा, तराजू कोणाच्या हातात असायचा, पारड्यात काय घालायचे हे कोणी ठरवायचे, याचा पत्ता वाक्य लागू देत नाही. कर्ता लपवला की जबाबदारीही लपते, हे प्रशासकीय गद्याचे जुने कसब आहे. आमचा आक्षेप समतोलाला नाही, या लपवाछपवीला आहे.

हे वाक्य आम्हाला परके नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट या नावांबरोबर कुकडीकाठच्या आमच्या बोरी बुद्रुकचाही उल्लेख अधूनमधून होतो, तो येथे सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे आणि तिच्या सोबतीने मिळालेल्या अश्मयुगीन हत्यारांमुळे. येथे जुगाराचे जहाज येणार नाही, हे उघड आहे. कुकडीत तेवढे पाणीही नसते. पण समतोलाचे वाक्य येथेही बोलले जाते, आणि ते शेवटी माणसांना कोठे नेऊन सोडते हे पाहायचे असेल तर दुसऱ्या एका बोरीच्या मुलखात जावे लागेल. झुआरीकाठची बोरी हे कवी बा. भ. बोरकरांचे गाव. तेथून पणजी फार लांब नाही.

पणजीच्या महानगरपालिका हद्दीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे चाळीस हजार. एवढ्याशा शहरासमोर मांडवीच्या पात्रात सहा तरंगते कॅसिनो नांगर टाकून आहेत. रात्रभर त्यांचे दिवे पाण्यात हलतात, धक्क्यावरून होड्या भरभरून गिऱ्हाईक जहाजांवर जाते, आणि नदीकाठचा रस्ता गाड्यांनी तुंबतो. शहर गोवेकरांचे, नदी गोवेकरांची. परंतु १ फेब्रुवारी २०२० पासून या जहाजांवर जुगार खेळायला गोवेकराला मज्जाव आहे. २०१२ मध्ये विधानसभेने केलेल्या दुरुस्तीची अंमलबजावणी व्हायला आठ वर्षे लागली, आणि नियंत्रणासाठी जो आयुक्त नेमला तो राज्याचा करआयुक्तच होता. ज्याने गल्ला मोजायचा त्यानेच राखणही करायची, अशी ही योजना.

या मनाईचे स्वागत झाले. स्थानिक तरुण देशोधडीला लागू नयेत, घरे मोडू नयेत, हा तिचा हेतू सांगितला गेला, आणि तो खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण या मनाईतून राज्याने दिलेली कबुली आपण नीट वाचली पाहिजे. जी वस्तू निरुपद्रवी आहे तिच्यापासून कोणी आपल्या माणसांना दूर ठेवत नाही. जगभर हेच दिसते. नेपाळने आपल्या नागरिकांना कॅसिनोची दारे बंद ठेवली. सिंगापूरने २०१० मध्ये कॅसिनो उघडले तेव्हा पर्यटकाला प्रवेश मोफत ठेवला आणि आपल्या नागरिकांवर व कायम रहिवाशांवर दिवसाला शंभर डॉलरचे प्रवेशशुल्क बसवले; २०१९ मध्ये ते दीडशे केले. मोनाकोच्या नागरिकाला माँटे कार्लोच्या जुगारगृहात खेळता येत नाही. मात्र तेथे या मनाईबरोबर आणखी एक गोष्ट आली. जुगारगृहाच्या उत्पन्नावर राज्य चालू लागताच तिसऱ्या चार्ल्सने १८६९ मध्ये प्रजेला प्रत्यक्ष करांतून मुक्त केले. तो व्यवहार नैतिक होता की नाही हा प्रश्न वेगळा. निदान तो व्यवहार होता. पणजीकराच्या वाट्याला मनाई आली, मोबदला आला नाही.

म्हणजे राज्याने गोवेकराला कॅसिनोत जाऊ दिले नाही, पण कॅसिनोला गोवेकराच्या गावात येऊ दिले. जुगाराच्या पटापासून ज्याला दूर ठेवले, त्याचीच झोप, त्याचाच रस्ता आणि त्याचीच नदी पटावर मांडली आहे.

आपल्या वाङ्मयाला ही परिस्थिती अनोळखी नाही. महाभारताच्या सभापर्वात द्यूत चालू असते तेव्हा द्रौपदी सभेत नसते. ती खेळत नाही, तिला विचारलेही जात नाही, आणि तरी पण तिचाच लागतो. तिला न्यायला आलेल्या प्रातिकामीबरोबर ती जो प्रश्न उलट पाठवते तो द्यूत पाप की पुण्य असा नसतो. धर्मराज आधी स्वतःला हरले की मला, असे ती विचारते. म्हणजे तिचा प्रश्न अधिकाराचा आहे: ज्याने मला पणाला लावले त्याला तो हक्क होता काय? भीष्मांसारख्या धर्मज्ञालाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. पणजीचा प्रश्नही आम्ही याच शब्दांत मांडू इच्छितो. जुगार वाईट आहे हे सांगायला ऋग्वेदातले अक्षसूक्त पुरेसे आहे. त्यात भर घालण्याची आमची योग्यता नाही. आमची विचारणा एवढीच, की मांडवी पणाला लावण्याचा अधिकार कोणाचा होता?

येथे कोणी आम्हाला कौटिल्याची आठवण करून देईल, आणि ती रास्त आहे. मनूने द्यूत राज्यातून हद्दपार करायला सांगितले. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून, जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घेऊन ते चालू दिले. पण कौटिल्याची अट विसरता येणार नाही. द्यूत नेमून दिलेल्या एकाच ठिकाणी चालावे, म्हणजे गुप्तपणे उपजीविका करणारे हुडकता येतील, हा त्याचा हिशेब होता. जागा कोणती असावी हा त्याच्या दृष्टीने राज्यकारभाराचा प्रश्न होता. आपण कौटिल्याचे शेकडा पाच तेवढे उचलले आणि पुढे वाढवत नेले. कॅसिनोंवरील वस्तू व सेवा कर ऑक्टोबर २०२३ पासून डावाला लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के झाला आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. हा कर केंद्र आणि राज्य वाटून घेतात. धक्क्यासमोरचा रस्ता झाडण्याचे काम मात्र महानगरपालिकेचे.

कायद्याचा इतिहास पाहिला तर गंमत वाटावी असा योगायोग दिसतो. १९७६ या एकाच वर्षी गोव्यात सार्वजनिक जुगाराला मनाई करणारा कायदा झाला आणि महाराष्ट्रात कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा कधी अमलातच आला नाही. २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्याच्या मनाईला मात्र १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांपुरती आणि १९९६ मध्ये पाण्यावरील जहाजांपुरती सवलत मिळाली. परवानगीच्या राज्यात कॅसिनो नाही आणि मनाईच्या राज्यात सहा जहाजे. हे मनाईचा कायदा मोडून झालेले नाही. त्यात फटी ठेवून झाले आहे. त्या फटी पाडताना पणजीच्या रहिवाशाला कोणी विचारले नाही. पुढे विरोधी बाकांवरून कॅसिनोंवर तुटून पडणारे मनोहर पर्रीकर २०१२ मध्ये मुख्यमंत्री झाले, आणि जहाजे मांडवीतच राहिली. ती हलवण्याची आश्वासने पुष्कळ झाली. प्रत्यक्षात मिळत गेली ती मुदतवाढ. जुलै २०१७ मध्ये आणखी एक कॅसिनो जहाज भर पावसाळ्यात मांडवीत आणण्याच्या खटपटीत मिरामारच्या वाळूत रुतले आणि काही महिने तेथेच पडून राहिले. शहराने ते रोज पाहिले.

रोजगाराचा मुद्दा आम्ही टाळत नाही. या जहाजांवर आणि त्यांच्या आधाराने चालणाऱ्या हॉटेलांत, टॅक्सींत, दुकानांत हजारो घरे पोट भरतात. त्यांच्या पगाराची टिंगल करणे हा सुखवस्तूंचा उद्योग आहे. पण नोकरीला जहाज लागते, पणजीच्या दारातली मांडवी लागत नाही. शिवाय हा युक्तिवाद पुढे करणाऱ्यांना आमचे विचारणे आहे: तोच युक्तिवाद खाणींच्या वेळी झाला नव्हता काय? गोव्याने लोखंडाच्या खनिजावर घर उभारले आणि २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा त्या घराचे वासे मोजले. एकाच धंद्यावर विसंबलेल्या गावाला त्या धंद्याशी घासाघीस करता येत नाही. असे गाव यजमान राहत नाही.

आणि येथे ‘अतिथी’ या शब्दाचा विचार केलाच पाहिजे, कारण पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याला फार राबवले आहे. अतिथीला देव मानावे हे खरे. पण अतिथी यजमानाच्या उंबरठ्यावर थांबतो. या म्हणण्याचा अधिकार यजमानाकडे असतो म्हणूनच त्याच्या आतिथ्याला मोल असते. पणजीच्या फोंताइन्हास वस्तीत अलीकडच्या वर्षांत रहिवाशांना घराच्या भिंतींवर छायाचित्रे काढू नका अशा पाट्या लावाव्या लागल्या. दारातल्या पायरीवर अनोळखी माणूस पोशाख बदलून फोटोला उभा राहतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खिडकी उघडायची चोरी होते. त्या पाट्यांना कोणी उद्धट म्हटले, तर आम्ही त्यांना यजमानपणाचा शेवटचा अवशेष म्हणू.

गोव्याने म्हादईच्या पाण्यासाठी कर्नाटकाशी वर्षानुवर्षे भांडण मांडले आहे, लवादापुढे बाजू लढवली आहे. म्हादईला आई म्हणण्याची तेथे रीत आहे, आणि त्या भावनेविषयी आम्हाला आदर आहे. पण म्हादई आणि मांडवी ही एकाच नदीची नावे. उगमाकडे जी आई, ती मुखाशी जहाज बांधण्याची जागा कशी होते?

मग करावे काय? १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांनी जनमत कौल दिला आणि महाराष्ट्रात विलीन व्हायचे नाही हे स्वतः ठरवले. आम्हा महाराष्ट्रीयांपैकी अनेकांना तो कौल रुचला नाही, पण तो मानला गेला, कारण ज्यांचे भवितव्य त्यांनीच ठरवले होते. ज्या भूमीने हा दाखला घालून दिला तिच्या राजधानीत सहा जहाजांविषयी शहराचे मत घेणे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. परवान्याची मुदत वाढवण्याआधी पणजीच्या मतदारांचा कौल घ्यावा, आणि तो विरुद्ध गेला तर जहाजे हलवावीत, तीही दुसऱ्या एखाद्या गावाच्या माथी, त्याला न विचारता, न मारता.

जुन्नरसाठीही आमची मागणी तीच आहे. नाणेघाटात पावसाळी गर्दी किती घ्यायची, बोरीच्या राखेच्या थरापर्यंत रस्ता न्यायचा की नाही, कोणत्या शेताच्या बांधावर वाहनतळ करायचा, हे त्या त्या ग्रामसभेने आराखडा होण्यापूर्वी ठरवावे, आणि तिच्या नकाराला नकार म्हणूनच मान मिळावा. तोवर समतोलाचे वाक्य जो कोणी उच्चारील त्याला, कोणी साधायचा, एवढे विचारत राहावे.