चाकूने झाड तोडायचं नाहीये

मुक्कामी ट्रेकसाठी न मिटणारा, दणकट चाकू कुठला घ्यावा, खिशात हजार-दीड हजारच आहेत, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: त्याने कापणार काय? इथे बहुतेकांची पंचाईत होते. डोळ्यांसमोर असतात ते यूट्यूबवरचे कॅनडा-स्वीडनचे दाढीवाले. बर्चचा ओंडका उभा करायचा, त्यावर चाकू टेकवायचा आणि पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड उभं चिरायचं. तिकडे बर्फाने भिजलेल्या लाकडाच्या पोटातलं कोरडं जळण काढायला ही कसरत लागते. सह्याद्रीत आपल्यापुढे काय असतं? कांदे-बटाटे, नायलॉनची दोरी, मसाल्याची पाकिटं, आणि फार तर दमट जळणाच्या बारीक ढलप्या. ओंडका फोडायची वेळ आलीच, तर ज्यांच्या घरी मोळी विकत घेतलीत त्यांच्याकडे कोयता असतो आणि तो चालवायची सवयही. ते काम त्यांच्यावर सोडावं.

कमी पैशांत चाकू घेणाऱ्याला याचा मोठाच फायदा आहे. महागड्या चाकूत जे जास्तीचं असतं, सहा-सात इंची पातं, पाच-सहा मिलिमीटर जाडी, ते सगळं ठोकाठोकीसाठी असतं. आपल्याला चार-साडेचार इंचांचं पातं आणि पाठीला अडीच-तीन मिलिमीटर जाडी पुरते. याहून जाड पातं टोमॅटो चिरत नाही, चेंगरतं.

पैसे द्यावेत ते न दिसणाऱ्या गोष्टींना. पहिली म्हणजे पात्याचं पोलाद मुठीत कुठवर गेलंय. सर्वांत भक्कम बांधणीत मुठीच्याच आकाराची पट्टी शेवटपर्यंत जाते आणि तिच्या दोन्ही अंगांना लाकूड किंवा प्लास्टिक रिव्हेटने बसवलेलं असतं. कडेने पाहिलं तर पोलादाची रेघ मुठीच्या पूर्ण लांबीभर दिसते. विक्रेते याला ‘फुल टँग’ म्हणतात. याच्या उलट टोकाला पोकळ मुठीचा चाकू: पाठीवर करवतीचे दात, बुडाला होकायंत्र, आत गळ आणि काड्या. १९८२च्या ‘फर्स्ट ब्लड’ चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलनच्या हातात होता तो जिमी लाइल या अमेरिकी कारागिराने मन लावून घडवलेला. ऑनलाइन मिळणाऱ्या त्याच्या स्वस्त नकलांमध्ये पातं मुठीच्या तोंडाशीच एखाद्या नटावर अडकवलेलं असतं. एकदा आडवा जोर लागला की मूठ एका हातात, पातं गवतात. होकायंत्राबद्दल तर बोलायलाच नको.

‘फुल टँग’च्या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो सांगायलाच हवा. स्वीडनमधल्या मोरा गावचा ‘कम्पॅनियन’. रबरी-प्लास्टिकची मूठ, सुमारे दहा सेंटिमीटरचं पातं, जाडी अडीच मिलिमीटर, आणि पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत जातच नाही. तरीही तो टिकतो, कारण पोलाद चांगलं आहे आणि त्याला ताप बरोबर दिलेला आहे. तिकडे तो सुतार-गवंड्यांच्या कमरेला लटकणारा कामाचा चाकू. आपल्याकडे आयात होऊन येतो म्हणून त्याला उगीच प्रतिष्ठा मिळते. बजेटमध्ये सापडला तर डोळे मिटून घ्यावा, आणि शक्यतो स्टेनलेसचा.

शक्यतो स्टेनलेसचा, कारण आपला पाऊस. कार्बन स्टीलची धार पटकन लागते, म्हणून जाणकार त्याच्या प्रेमात असतात. पण जुलैत घाटमाथ्यावर रात्र काढली की सकाळी पात्यावर तांबूस ठिपके हजर, कोकणातल्या खाऱ्या हवेत त्याहून लवकर, आणि लिंबू कापून तसंच ठेवलं तर पातं काळं. रोज पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवणारे लोक थोडे. मोराच्या स्टेनलेस पात्यात साडेतेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, त्यामुळे त्याला आपला आळस बराचसा चालतो. मात्र नुसतं ‘स्टेनलेस’ किंवा ‘सर्जिकल स्टील’ लिहिलेल्या खोक्यावर विश्वास ठेवू नका. पोलादाचं नाव-क्रमांक लिहायला ज्याला लाज वाटते, त्याचं पोलाद बहुधा मऊच असतं. आणि पंधराशेच्या आतल्या ‘दमास्कस’वरची लाटांची नक्षी पाहून हुरळू नका, ती ॲसिडने वरवर उमटवता येते.

आता माझी खरी आवड. गावचा लोहार, नाहीतर रस्त्याकडेला पाल टाकून भाता फुंकणारे घिसाडी. शेताचे कोयते, विळे, कुऱ्हाडी ते बहुतेक वेळा ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून घडवतात. हे स्प्रिंगचं पोलाद, त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का. चिवटपणात त्याला तोड नाही. फक्त भंगारातल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, म्हणून शक्य तर न वापरलेला तुकडा शोधा. तोंडी ‘चाकू करून द्या’ म्हटलंत तर हाताच्या सवयीने छोटा कोयता तयार होतो, पाठ चांगली जाड ठेवलेला. कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढून न्या, जाडी लिहा, आणि पात्याच्या मुळाशी बोट अडेल असा खांदा ठेवायला सांगा. ओल्या हाताची पकड पुढे सरकली की बोटं थेट धारेवर जातात. तो खांदाच तेवढा मधे असतो.

पाणी पाजणं हा या सगळ्याचा गाभा. पोलाद तापता तापता सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटेनासं होतं. तिथून आणखी थोडं वर नेऊन बुडवायचं. अनुभवी लोहाराला चुंबक लागत नाही, तो रंग पाहतो, म्हणून भट्टी सावलीत असते. कित्येक जण फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवतात, पाठ मऊ राहते आणि हत्यार आदळलं तरी सहसा मोडत नाही. पद्धत उत्तम, पण पाण्यात पोलाद इतक्या झपाट्याने निवतं की पातळ धारेला तडा जाऊ शकतो. मी तेलाचा आग्रह धरतो, आणि ते तेलही किंचित कोमट. बुडवून काढल्याबरोबर धारेवर कानस फिरवून पाहा: घसरली तर पोलाद कडक झालं, चावली तर पुन्हा तापवायला हवं. कडक झालेलं पोलाद ठिसूळही असतं. ते घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवलं की ठिसूळपणा उतरतो, धार टिकवण्याइतका कडकपणा राहतो. मूठ बाभळीची किंवा शिसवीची, वार्निश न लावलेली. जवसाचं तेल पुरतं. मजुरीत घासाघीस करू नका. ऑनलाइन दुकानाशी घासाघीस केलीत का?

लोहाराचं पातं कार्बनचं, म्हणजे ते पुसायचं काम आलंच. तेवढंही नको असेल तर तिसरी वाट: खाटीक वापरतात ती ताठ पात्याची स्टेनलेस सुरी. दिसायला काही खास नाही, पण पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत आणि धार कामाची. तिला म्यान मात्र स्वतः करावं लागतं. कातड्यापेक्षा जाड प्लास्टिकचं बरं. कातडं ओल धरून ठेवतं आणि गंज आतूनच चढतो. दोन बाजूंच्या धारेच्या दगडाचे पैसे चाकूच्या बजेटमधूनच बाजूला काढा.

राहिला कायदा. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात, घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळून. म्हणजे साडेचार इंचवाला सुटला? पुरता नाही. सणासुदीला किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. तेव्हा चाकू कमरेला लावून स्टँडवर चहा पिणं महागात पडू शकतं. पुण्यात ‘कोयता गँग’ म्हणून गुन्ह्यांच्या बातम्या आल्यापासून पोलिसांची नजर अशा हत्यारांवर आहेच. प्रवासात चाकू म्यानात, म्यान पुठ्ठ्यात, पुठ्ठा सॅकच्या तळाशी. विमानात सोबतच्या बॅगेत नाहीच, चेक-इनच्या सामानात.

ट्रेकर मंडळींना सहसा ठाऊक नसलेलं कलम वेगळंच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, कलम ३१: लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरायचं नाही, आणि याच कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत चाकूचा उल्लेख आहे. लांबीची सवलत त्यात नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, वासोटा ज्यात येतो ते कोयना, ही सगळी अभयारण्यं. तिथे नुसती ढलपी काढायची म्हटलं तरी जंगलातलं लाकूड तोडायला आणि आग पेटवायलाही मनाई आहे. तेव्हा त्या वाटांवर परवानगी काढणार नसाल तर चाकू न नेलेला बरा. कापाकापीची गरजही उरत नाही: हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईसारख्या गावात जेवण आधी सांगून ठेवता येतं.